उन्हाने केलेला पाक

खजुराच्या बिया काढून झाल्या की बोटं धुवायच्या आधी एक करून बघा. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबा आणि सावकाश दूर करा. मध्ये एक बारीक तार ओढली जाते, क्षणभर ताणते आणि तुटते. रव्याच्या लाडवांसाठी पाक करताना आपण थेंब बोटावर घेऊन हीच खूण शोधत असतो. “एकतारी झाला, आता गॅस बंद कर,” असं आई ओट्यापाशी उभी राहून सांगायची, ती हीच तार.

ही तार नुसती दिसायला सारखी नाही. पाक म्हणजे साखर आणि पाणी. उकळी येत राहते तसं पाणी उडून जातं आणि साखरेचं प्रमाण वाढत जातं. एकतारीला ते शंभरात ऐंशीच्या आसपास पोहोचतं. आता मऊ खजूर घ्या. शंभर ग्रॅम खजुरात साधारण 65 ग्रॅम साखर आणि 20 ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. गर आणि धागे बाजूला ठेवून फक्त या दोघांचा हिशेब केला, तर साखर पाऊण वाट्याच्या थोडी वरच भरते. म्हणजे खजूर हा एकतारीच्या उंबरठ्यावर आलेला पाक आहे. त्याच्याखाली कुणी चूल पेटवलेली नाही. झाडावरच्या घोसात लोंबकळत असताना वाळवंटातल्या उन्हाने तो आटवला.

पाऊस आडवा आला तर हा पाक अर्धवट राहतो, आणि तो अर्धवट पाक आपण खाल्लेलाही असतो. जून-जुलैत मुंबई-पुण्यात हातगाड्यांवर पिवळे आणि लाल ओले खजूर दिसतात. करकरीत, गोड आणि जरा तुरट. ते बहुतेक कच्छमधून येतात. तिथे फळ झाडावर पुरतं पिकून मऊ व्हायच्या आत पावसाळा दाराशी येतो, म्हणून ते त्या आधीच्या अवस्थेत उतरवावं लागतं. तेव्हा त्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. तीच करकरीत फळं उकळून वाळवली की त्यांची खारीक होते. अरबस्तान-इराणकडे पावसाची घाई नसते, तिथे ऊन आपलं काम शेवटपर्यंत करतं.

खजूर आणखी एक गोष्ट स्वतःच करून ठेवतो, आणि मला त्याचंच जास्त आश्चर्य वाटतं. पाकात आपण दोन थेंब लिंबू पिळतो, कारण नाहीतर पाक पुन्हा साखरतो आणि लाडू दगडासारखे होतात. लिंबाचं आम्ल साखरेच्या रेणूचे दोन तुकडे करतं, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. हे दोघं एकमेकांत मिसळलेले असले की स्फटिक बनायला रांग लावून बसू शकत नाहीत, त्यामुळे पाक मऊ राहतो. पिकणाऱ्या खजुरात हेच काम इन्व्हर्टेज नावाचं विकर करतं. मऊ जातीचा खजूर आपल्या हातात येतो तेव्हा त्यातली जवळजवळ सगळी साखर अशी दुभंगलेली असते. म्हणून खजुराचे लाडू आठ दिवसांनीही दाताला मऊ लागतात. पाक आटवणं, त्यात लिंबू पिळणं, सगळं झाडावरच उरकलेलं असतं.

घरी ओट्स आणि सुक्या फळांचे लाडू मी करायला लागले, तेव्हा गॅस न पेटवता खाऊ करायचा एवढीच सोय डोक्यात होती. एप्रिल-मेच्या दुपारी कढईपुढे उभं राहणं नको होतं. पण करता करता लक्षात आलं की या लाडवांच्या डब्यात शिजवण भरपूर आहे, फक्त ती आपल्या आधी कुणीतरी केली आहे.

ओट्सचंच बघा. हे धान्य मुळात गव्हा-जवाच्या शेतातलं तण. माणूस गहू आणि जव घेऊन युरोपातल्या थंड, ओल्या मुलखात सरकत गेला, तिथे गव्हाची दमछाक झाली आणि त्याच्यासोबत चोरून आलेलं तण मात्र जोमाने वाढलं. मग माणसाने तणालाच पीक मानलं. आपल्याकडे त्याला जई म्हणतात. दूध देणारी जनावरं असलेले शेतकरी ती हिवाळ्यात हिरव्या चाऱ्यासाठी पेरतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्यासाठी ‘फुले हरिता’ नावाचा वाणही काढलेला आहे.

या दाण्याची एक अडचण आहे. त्यात तेल फार. गव्हात साधारण दोन टक्के तर ओटमध्ये सहा-सात टक्के. आणि दाण्याच्या बाहेरच्या थरात लायपेज नावाचं एक विकर दबा धरून बसलेलं असतं. दाणा अखंड आहे तोवर ते शांत असतं. पण दाणा चिरडला, की विकर आणि तेल एकमेकांना भेटतात, तेलाची मोडतोड सुरू होते आणि पीठ थोड्याच दिवसांत कडवट, साबणासारखं लागू लागतं. म्हणून गिरणीत सोललेल्या दाण्याला आधी कडक वाफ देतात. विकर निकामी होतं, दाणा अर्धामुर्धा शिजतो, मऊ पडतो. मग त्याला लोखंडी रुळांमधून चपटा करतात. आपण पाकिटातून ओततो ते रोल्ड ओट्स असे आधीच वाफवलेले असतात. इन्स्टंट ओट्स म्हणजे तोच दाणा तुकडे करून आणखी पातळ लाटलेला.

ओल देऊन, तापवून, गरम असतानाच चपटा केलेला दाणा. मराठी घरात हे ऐकल्यावर दुसरं काय आठवणार? पोहे. भात गरम पाण्यात भिजवायचा, तापलेल्या वाळूत किंवा कढईत भाजायचा आणि कुटून चपटा करायचा. पूर्वी उखळात, आता गिरणीत. म्हणूनच सुदाम्याला पोहे पुरचुंडीत बांधून नेता आले, म्हणूनच गोपाळकाल्यात पोहे नुसते दह्यात कालवून चालतात. आणि म्हणूनच दडपे पोहे होतात: पातळ पोह्यांवर ओलं खोबरं, नारळाचं पाणी, कांदा, लिंबू घालायचं आणि वर जड झाकण ठेवून दडपायचे. दडपल्यावर आत काय होतं? खोबऱ्यातली, कांद्यातली ओल पोह्यात शिरते. दोन देशांत, दोन हवामानांत, दोन वेगळ्या धान्यांवर माणसाने तीच युक्ती केली, हे कळल्यापासून ओट्सचं पाकीट मला परकं वाटत नाही.

कच्ची कणीक किंवा कच्चं बेसन मात्र असं वापरू नये. त्यांना गिरणीत आच लागलेली नसते आणि शेतातले जंतू पिठात तसेच असू शकतात. लाडवात ते घालायचं असेल तर आधी खमंग भाजायलाच हवं.

आता लाडू. शंभर ग्रॅम रोल्ड ओट्स, म्हणजे मोठी वाटी भरून. दीडशे-एकशेसाठ ग्रॅम मऊ, बिया काढलेला खजूर. साठ ग्रॅम भाजलेल्या दाण्यांचं कूट. बदाम घालायला हरकत नाही, पण दाण्याच्या कुटाने लाडू खमंगही होतो आणि खिशालाही परवडतो. चाळीस ग्रॅम बेदाणे, दोन चमचे भाजून कुटलेलं जवस, चिमूटभर मीठ आणि लिंबाची किसलेली साल. साल सोडू नका, तिच्यामुळे सगळा गोडवा जागा होतो. निम्मे ओट्स मिक्सरला भरड फिरवायचे, निम्मे तसेच ठेवायचे. खजूर वेगळा फिरवायचा. थोड्या वेळाने मिक्सर जड आवाज करू लागतो आणि खजुराचा एकच गोळा पात्यांभोवती गरगरू लागतो. पात्यांच्या घर्षणाने तो कोमट झालेला असतो, आणि कोमट असताना तो जास्त लवचीक असतो, म्हणून लगेच परातीत काढून बाकीचं त्यात मळायचं.

पहिल्या पाच मिनिटांत हे मिळून येईल असं वाटत नाही. ओट्सचे पापुद्रे सुटे पडतात, लाडू वळला तर कडेने भुगा होतो. इथे दुधाचा हात लावायचा मोह होतो. पहिल्यांदा मी तो लावला, शिवाय गोडवा वाढावा म्हणून एक पिकलं केळंही कुस्करून घातलं. लाडू सुरेख वळले गेले. डबा बाहेरच ठेवला होता. दुसऱ्या संध्याकाळी झाकण उघडलं तर आंबूस वास, आणि तिसऱ्या दिवशी दोन लाडवांवर पांढरी लव. डबाभर खाऊ टाकून द्यावा लागला. त्या लवीचं कारण शोधताना मला जे कळलं, त्याने स्वयंपाकघराकडे बघायची नजरच बदलली.

पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा ते मोकळं किती आहे, याला महत्त्व असतं. खजुरातलं पाणी साखरेने धरून ठेवलेलं असतं. एखादा जंतू त्यावर जाऊन बसला तर त्याला तिथून पाणी मिळत नाहीच, उलट त्याच्याच अंगातलं पाणी खजुराकडे ओढलं जातं. शास्त्रज्ञ हे मोकळेपण शून्य ते एक अशा पट्टीवर मोजतात, तिला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाणी म्हणजे एक. साधारण 0.85 च्या खाली रोग पसरवणारे जीवाणू वाढू शकत नाहीत, 0.6 च्या खाली बुरशीदेखील नाही. मऊ खजूर आणि मध या खालच्या टोकाजवळ राहतात. केळ्यात चार भागांत तीन भाग पाणी, आणि ते जवळजवळ सगळं मोकळं. मी लाडवांत बुरशीची पाणपोई उघडली होती. केळं, चिकू, ताजा आंबा घालून वड्या जरूर करा, पण त्या फ्रीजमध्ये ठेवायच्या आणि फार तर दोन दिवसांत संपवायच्या. सुक्या फळांचे लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा दिवस छान राहतात, फ्रीजमध्ये त्याहून जास्त.

बेदाण्याकडे तर मी आता मूठभर उचलून तोंडात टाकायची वस्तू म्हणून बघूच शकत नाही. सांगली जिल्ह्यात तासगाव, कवठे महांकाळकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर रानात लांबच लांब शेड दिसतात. जाळीचे एकावर एक मजले आणि प्रत्येक मजल्यावर द्राक्षं पसरलेली. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. आपण फळ धुताना पाणी थेंब थेंब होऊन घसरतं, ते त्या मेणामुळे. मेण पाण्याला बाहेरून आत येऊ देत नाही तसं आतून बाहेरही जाऊ देत नाही, त्यामुळे अखंड द्राक्ष वाळायला तीन-चार आठवडे लागतात आणि तोवर ते काळपट होतं. म्हणून द्राक्षं आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात. हे तेल म्हणजे इथाइल ओलिएट. मेणाची घट्ट वीण सैल होते, पाण्याला वाट मिळते आणि सावलीत, वाऱ्यावर बारा-पंधरा दिवसांत हिरवट-सोनेरी बेदाणा तयार होतो. चार किलो द्राक्षांमागे साधारण एक किलो.

पहिल्या शतकात कोलुमेला नावाच्या रोमन लेखकाने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने द्राक्षं वाळवायच्या आधी राखेच्या उकळत्या निवळीत थोडं ऑलिव्हचं तेल घालून त्यात बुडवायला सांगितलं आहे. राखेच्या निवळीत असतं पोटॅशियम कार्बोनेट. ऑलिव्हच्या तेलात मुख्यतः असतं ओलिइक आम्ल, आणि इथाइल ओलिएट त्याच्यापासूनच बनतं. मेण म्हणजे काय, रेणू म्हणजे काय, याचा पत्ता नसताना भूमध्य समुद्राकाठच्या शेतकऱ्यांनी जे शोधलं, तेच आज तासगावच्या शेडशेजारच्या टबात आहे. लाडवातल्या एका बेदाण्यात एवढं भरलेलं आहे.

लाडवांचं असं, तर वाटीभर ओट्स रात्री भिजवून सकाळी खायची पद्धतही फार मोठ्या माणसाची. स्वित्झर्लंडचे डॉक्टर माक्सिमिलियान बिर्खर-बेनर यांनी 1904 मध्ये झुरिकच्या टेकडीवर आरोग्यधाम काढलं. तिथल्या रुग्णांना ते जे देत, त्यात ओट्स असायचे फक्त एक मोठा चमचा, तीन चमचे पाण्यात रात्रभर भिजवलेले. बाकी सगळं सफरचंद: सालीसकट, गाभ्यासकट, वाढायच्या अगदी आधी किसलेलं. त्यावर लिंबाचा रस, चमचाभर आटवलेलं गोड दूध आणि कुटलेले हेझलनट किंवा बदाम. आज मुसेली म्हणून जे खातात त्यात धान्याचा ढीग असतो आणि फळ शोभेपुरतं. डॉक्टरांच्या वाटीत नेमकं उलट होतं. त्या काळी कच्चं फळ हे पोषणाचं अन्न मानलंच जात नव्हतं, आणि ‘व्हिटॅमिन’ हा शब्द जन्मायला अजून काही वर्षं होती. तो 1912 मध्ये आला. तरी त्यांनी लिंबू पिळलंच. लिंबाने किसलेलं सफरचंद काळं पडत नाही, कारण काळं करणारं विकर आम्लात ढिलं पडतं. शिवाय ओट्समध्ये फायटिक आम्ल असतं, ते धान्यातलं लोह घट्ट धरून ठेवतं आणि पोटाला मिळू देत नाही; लिंबातलं क जीवनसत्त्व ते लोह सोडवायला मदत करतं. आपल्याकडे सफरचंदाची वाट बघायला नको. हिवाळ्यात पेरू किसा, त्यात लिंबाहून कितीतरी जास्त क जीवनसत्त्व आहे.

ओट्स भिजवून वाटी ठेवलीच आहे, तर सकाळी चमचा वर उचलून बघा. भेंडीच्या रसासारखी एक लांब, पारदर्शक तार खाली लोंबते. ही साखरेची नाही. हा बीटा-ग्लुकन नावाचा धागा आहे. लाकडातला, कापसातला सेल्युलोज जसा ग्लुकोजच्या कड्या जोडून बनतो, तसाच हाही. पण सेल्युलोजच्या साखळ्या सरळसोट असतात, एकीला एक चिकटून दोरखंड होतात आणि पाण्यात विरघळत नाहीत. बीटा-ग्लुकनच्या साखळीत दर तीन-चार कड्यांनंतर एक वाकडी कडी येते. एवढ्या वाकडेपणामुळे साखळ्यांना दाटीने बसता येत नाही, मध्ये पाणी शिरतं आणि तयार होतो बुळबुळीत रस. हा रस आतड्यात पित्तरस अडकवून बाहेर नेतो. यकृताला नवा पित्तरस करावा लागतो आणि त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. रोज तीन ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं तर वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, हे इतकं पक्कं झालं की अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने 1997 मध्ये ओट्सच्या पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असं छापायला परवानगी दिली. जवातही हाच धागा असतो. जव घालून सातूचं पीठ करणाऱ्या आज्या तो गूळ-दुधात कालवून नातवंडांना देतच होत्या.

पण लाडवाच्या बाबतीत हिशेब खरा मांडायला हवा. शंभर ग्रॅम ओट्समध्ये बीटा-ग्लुकन साधारण चार ग्रॅम. वर सांगितलेल्या मापात पंचवीस-पंचवीस ग्रॅमचे पंधरा लाडू होतात. म्हणजे एका लाडवात पाव ग्रॅमच्या थोडं वर. तीन ग्रॅमसाठी अकरा-बारा लाडू खावे लागतील, आणि प्रत्येकात फळांची साखर आहे जवळपास दोन चहाचे चमचे. ती दाणे, जवस आणि धाग्यांच्या सोबतीने येते, त्यामुळे नुसत्या साखरेपेक्षा सावकाश अंगी लागते, पण ती साखरच आहे. कोलेस्टेरॉलसाठी खायचं असेल तर भिजवलेल्या ओट्सची वाटी खावी. लाडू एखादा, फार तर दोन, शाळेतून आलेल्या भुकेला किंवा गडावर चढताना. मधुमेह असलेल्यांनी तर लाडू मोजूनच खावा. आणि खजुराऐवजी मध वापरणार असाल तर वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातलं काही देऊ नका, मधातले काही बीजाणू तान्ह्या पोटात घातक ठरतात. अगदी लहान मुलांसाठी दाणे, बेदाणे अख्खे न ठेवता बारीक करूनच घ्यावेत.

मे महिन्यात मी यातले निम्मे बेदाणे काढून तिथे आंबापोळीचे तुकडे घालते. कोकणात आंब्याचा रस तूप लावलेल्या ताटात पातळ पसरून कडक उन्हात ठेवतात, एक थर वाळला की वर दुसरा. पाऊस यायच्या आत पोळी चामड्यासारखी लवचीक व्हावी लागते. फणसपोळीही चालते, पण आंब्याचा आंबटपणा खजुराला जास्त शोभतो. कधी आंबापोळीच ताटात पसरायची, तिच्यावर लाडवाचं मिश्रण थापायचं आणि घट्ट गुंडाळी करून फ्रीजमध्ये ठेवायची. तासाभराने सुरीला तूप लावून कापली की प्रत्येक चकतीत केशरी वेटोळं दिसतं.

भुगा होणाऱ्या त्या लाडवांचं काय करायचं, ते राहिलंच. काही करायचं नाही. मुठीत जरा जोर लावून वळायचे, डब्यात भरायचे, झाकण लावायचं आणि झोपायचं. खजुरात पाणी शंभरात वीस, बेदाण्यात पंधरा, ओट्समध्ये जेमतेम नऊ-दहा. जिथे जास्त मोकळं आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे ते रात्रभर हळूहळू सरकत राहतं, रेणू रेणूने. ओट्सचे पापुद्रे ओल ओढून मऊ होतात, खजूर थोडा घट्ट होतो, जवसाचा चिकटपणा सुटतो. सकाळी लाडू बोटांत घेतला की भुगा होत नाही. मधोमध चिरून उजेडात धरा: रात्री पांढरट आणि कडक दिसणारे ओट्स आता कडेने पारदर्शक झालेले असतात, आणि खजूर कुठे संपतो, ओट कुठे सुरू होतो, ते डोळ्यांना सांगता येत नाही. उत्सुकता असेल तर डबा रात्री आणि सकाळी वजनकाट्यावर ठेवून बघा. वजन तेवढंच भरतं.